हात हवेत, तोंडं नकोत

मी १९८० सालची. चीनमधलं शेन्झेन शहरही त्याच सालचं. तिथली नदी, डोंगर, गावं जुनीच आहेत. पण ज्या शेन्झेनचं नाव आपल्या घरातल्या चार्जरच्या आणि इअरफोनच्या खोक्यांवर बारीक अक्षरांत छापलेलं असतं, ते शहर सुरू झालं २६ ऑगस्ट १९८० रोजी, विशेष आर्थिक क्षेत्र म्हणून. आपल्याच वयाच्या माणसाबद्दल वाटते तशी उत्सुकता मला या शहराबद्दल वाटत आली आहे. भिवंडीत उर्दू माध्यमाच्या शाळेत मी उर्दू आणि मराठी शिकवते. वर्गातली बरीचशी मुलं कुठून ना कुठून आलेल्या कुटुंबांतली असतात. त्यामुळे जगात कुठेही माणसं गाव सोडून शहरात आली असं वाचलं, की माझं लक्ष आधी त्यांच्या मुलांकडे जातं.

शेन्झेनची गोष्ट साधारणपणे चमत्कारासारखी सांगितली जाते. मासेमारीचं एक छोटंसं खेडं होतं, चाळीस वर्षांत तिथे गगनचुंबी शहर उभं राहिलं, असं. हे ऐकायला छान वाटतं, पण पूर्ण खरं नाही. तिथे बाओआन नावाचा जुना तालुका होता. त्यात शेकडो गावं होती, भातशेती होती, रेल्वे स्टेशनजवळ बाजारपेठ होती आणि तीन लाखांच्या आसपास वस्ती होती. शेन्झेन या नावाचा अर्थच शेतांमधला खोल चर असा आहे. नदीपलीकडे हाँगकाँग. गरिबीला कंटाळून हजारो माणसं जीव धोक्यात घालून, खाडी पोहून तिकडे पळून जात. माणसं पैशाकडे जातच असतील तर पैसाच इकडे आणू, असं म्हणून सरकारनं हाँगकाँगच्या आणि परदेशी कारखानदारांना दार उघडून दिलं.

त्यानंतर जे झालं ते खरंच थक्क करणारं आहे. शहरातल्या शेकोउ भागात एक फलक लागला: वेळ म्हणजे पैसा, कार्यक्षमता म्हणजे जीवन. गुओमाओ नावाची त्रेपन्न मजली इमारत १९८५ मध्ये पूर्ण झाली. तिचे वरचे मजले तीन दिवसांना एक या गतीनं चढवले गेले, आणि 'शेन्झेनची गती' हा शब्दप्रयोगच चीनमध्ये रूढ झाला. २०२०च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १ कोटी ७५ लाखांवर गेली. तुलनेसाठी सांगते, २०११च्या जनगणनेत आपली बृहन्मुंबई सव्वा कोटीच्याही थोडी आतच होती.

ही माणसं आली कुठून? हुनान, सिछुआन, हुबेई, ग्वांगशी, ग्वांगदोंगचाच डोंगराळ भाग. देशातल्या देशातच आली. त्यांना पासपोर्ट लागला नाही. पण दुसरा एक कागद लागला, आणि शहराची खरी गोष्ट मला त्या कागदात दिसते.

त्या कागदाचं नाव हुकोऊ. हा शब्द दोन चिनी अक्षरांचा आहे. 'हू' म्हणजे घर, कुटुंब. 'कोऊ' म्हणजे तोंड. घरातली तोंडं! आपल्याकडेही म्हातारी माणसं विचारतात ना, "घरात खाणारी तोंडं किती?" अगदी तसाच हिशोब. १९५८च्या कायद्यानं चीनमधल्या प्रत्येक माणसाची नोंद एका ठिकाणी, एका कुटुंबात झाली. कोण शेतकरी आणि कोण शहरी, हेही त्या नोंदीतच ठरलं. शहरातलं रेशनचं धान्य, घर, दवाखाना, पोरांची शाळा, सगळं त्या नोंदीला बांधलेलं. खेड्यात नोंद असलेल्यानं शहरात यायचं म्हटलं तर खायचं काय, हाच पहिला प्रश्न. मूल जन्मलं की त्याला आईचा हुकोऊ मिळायचा. बाप शहरी असला तरी आई खेड्यातली असेल तर मूलही कागदोपत्री खेड्यातलंच. हा नियम १९९८ मध्ये सैल झाला.

शेन्झेननं एक गाठ लवकर सोडवली. धान्याची कुपनं देशात सगळ्यात आधी, १९८४ मध्ये, याच शहरानं बंद केली. पैसे द्या, तांदूळ घ्या. त्यामुळे बाहेरून आलेल्या माणसाला पोट भरता येऊ लागलं. पण नोंद मात्र गावातच राहिली. म्हणजे शहरानं हात घेतले आणि तोंडं गावाच्या खात्यावर ठेवली. या लोकांसाठी चिनी भाषेत शब्द आहे 'नोंगमिनगोंग', म्हणजे शेतकरी-कामगार. वीस वर्षं कारखान्यात काढली तरी नावापुढचं शेतकरी जात नाही. असे कामगार आज चीनमध्ये तीस कोटींच्या आसपास आहेत. सरकारी भाषेत या साऱ्या लोकसंख्येला आणखी एक नाव आहे: 'वाहती लोकसंख्या'.

सुरुवातीच्या काळात शेन्झेनमध्ये शिरायलाही परवाना लागायचा. शहराच्या आतच चौऱ्याऐंशी किलोमीटरहून लांब काटेरी कुंपण होतं. अलीकडे विशेष क्षेत्र, पलीकडे त्याच शहराचा उरलेला भाग. चौकीवर कागद दाखवायचा आणि आत जायचं. २०१० मध्ये विशेष क्षेत्र शहरभर वाढलं आणि २०१८ मध्ये ही हद्द अधिकृतपणे रद्द झाली.

कारखान्यांना सगळ्यात जास्त हव्या होत्या तरुण मुली. सोळा, अठरा, वीस वर्षांच्या. बोटं चपळ, नजर तीक्ष्ण आणि उलट बोलण्याची सवय नाही, असा मालकांचा हिशोब. हाँगकाँगच्या अभ्यासक पुन ङाय यांनी नव्वदच्या दशकात शेन्झेनच्या एका इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यात स्वतः कामगार म्हणून राहून या मुलींवर पुस्तक लिहिलं. कारखान्याच्याच वसतिगृहात एका खोलीत आठ-दहा जणी, दुमजली लोखंडी पलंग, पडदा लावला तर तेवढीच काय ती स्वतःची जागा. १९ नोव्हेंबर १९९३ रोजी शेन्झेनमधल्या जिली खेळणी कारखान्याला आग लागली. माल चोरीला जाऊ नये म्हणून दारांना कुलपं आणि खिडक्यांना गज होते. सत्त्याऐंशी जीव गेले. बहुतेक सगळ्या गावाकडून आलेल्या तरुण मुली. पुढच्या वर्षी चीनमध्ये कामगार कायदा संमत झाला. कायदा व्हायला एवढ्या मुली जळाव्या लागतात, हे फक्त चीनचंच आहे असं मात्र मला म्हणता येणार नाही.

कागद जवळ नसण्याची किंमत किती असू शकते, हे शेजारच्या ग्वांगझोऊ शहरात २००३ मध्ये दिसलं. सुन जिगांग नावाचा सत्तावीस वर्षांचा तरुण, शिकलेला, डिझायनर. रात्री रस्त्यावर पोलिसांनी हटकलं तेव्हा त्याच्याकडे तात्पुरत्या वास्तव्याचा परवाना नव्हता. त्याला कोठडीत टाकलं. तीन दिवसांनी तो मारहाणीत मेला. तिथल्या एका वर्तमानपत्रानं ही बातमी छापली आणि देश हादरला. काही आठवड्यांतच परवाना नसलेल्यांना पकडून गावी धाडण्याची ती व्यवस्थाच सरकारनं मोडीत काढली. एका खऱ्या बातमीनं एवढं होऊ शकतं, हेही नोंदवून ठेवायला हवं.

मग प्रश्न येतो की एवढी माणसं राहिली कुठे? वसतिगृहात एकटा जीव राहतो. संसार कुठे मांडायचा? याचं उत्तर शहराच्या योजनेत नव्हतं, ते जुन्या गावांनी दिलं. सरकारनं कारखान्यांसाठी शेतं घेतली, पण गावठाणं घेणं महागाचं होतं, म्हणून ती तशीच सोडली. शेती गेलेल्या गावकऱ्यांनी मग आपल्या घरांवर मजले चढवले. सहा, सात, आठ मजले, आणि खोली-खोली भाड्यानं. चारी बाजूंनी उंच शहर आणि मध्ये हे दाटीचं बेट. याला 'शहरातलं गाव' म्हणतात. इमारती एकमेकींना इतक्या चिकटून की समोरच्या खिडकीतल्या माणसाशी हात मिळवता यावा. म्हणून त्यांचं नाव 'हस्तांदोलनाच्या इमारती'. खाली अंधार, वर तारांचं जाळं, गल्लीत भाजीवाला, न्हावी, शिंपी, नाश्त्याची गाडी. मुंब्रा, धारावी किंवा आमची भिवंडी पाहिलेल्या माणसाला वेगळं काही सांगायला नको. शेन्झेनच्या बाहेरून आलेल्या कष्टकऱ्यांपैकी मोठा हिस्सा अशाच गावांत राहत आला. शहर त्यांना गलिच्छ म्हणतं. खरं तर याच गल्ल्यांनी शहराची घरं स्वस्त ठेवली आणि मजुरीही.

माझा एक जुना विद्यार्थी मोबाइलच्या सुट्या भागांचा व्यापार करतो. माल पाहायला तो शेन्झेनच्या हुआछियांगबेई बाजारात जाऊन आला. भारतातले कितीतरी व्यापारी तिथे जातात. परत आल्यावर मी त्याला इमारतींबद्दल विचारलं, तर तो सांगू लागला जेवणाबद्दल. हलाल शोधत शोधत त्याला हातानं ओढलेल्या नूडल्सचं एक दुकान सापडलं. पाटीवर लांझोऊचं नाव, पण मालक तिथला नव्हता. तो होता छिंगहाय प्रांतातल्या हुआलोंग या डोंगराळ तालुक्यातला, हुई मुसलमान. हे मी नंतर वाचलं तेव्हा कळलं की चीनभर पसरलेल्या अशा दुकानांपैकी खूप दुकानं हुआलोंगच्याच लोकांची आहेत. कोरडवाहू जमीन, उत्पन्न नाही, म्हणून ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून कणीक मळण्याचं कसब घेऊन ते समुद्रकाठच्या शहरांत गेले. दोघांमध्ये सामायिक शब्द एकच होता, सलाम. बाकी सगळं मोबाइलमधल्या भाषांतरावर. नवरा कणीक ओढतो, बायको रस्सा वाढते, दोन मुलं गावी आजी-आजोबांकडे. विद्यार्थी मला म्हणाला, "टीचर, वहाँ भी सब परदेसी ही मिले."

परदेसी हा शब्द मला चांगला माहीत आहे. आमचं मूळ गाव बीड जिल्ह्यातलं. अब्बा भिवंडीला यंत्रमागावर आले तेव्हा मी चार वर्षांची होते. गावात आमच्या घराबद्दल कुणी विचारलं तर दादीचं उत्तर ठरलेलं, "बेटा परदेस में है." भिवंडी आणि बीड एकाच राज्यात, तरी परदेसच. अब्बा ईदला यायचे. मी सहा वर्षं त्यांना वर्षातून दोनदा पाहिलं. यायचे तेव्हा पहिला दिवस मी दादीच्या मागेच लपायची. लाज वाटायची की भीती, आता सांगता येत नाही. मनीऑर्डर यायची, तिच्या खालच्या चिठोरीवर दोन ओळी असायच्या आणि त्या दोन ओळी दादी माझ्याकडून चार-चारदा वाचून घ्यायची. मी वाचायला त्या चिठोऱ्यांवरच शिकले असं म्हणायला हरकत नाही.

म्हणूनच पुढचा चिनी शब्द वाचला तेव्हा मी बराच वेळ तिथेच थांबले. आईबाप शहरात आणि मूल गावी, अशा मुलांना चिनी भाषेत 'लिउशोउ' मुलं म्हणतात. शब्दशः अर्थ: मागे राहून राखण करणारी. काय राखायचं असतं त्यांनी? घर, शेत, म्हातारी माणसं आणि आईबाप परत येतील हा भरवसा. २०१०च्या जनगणनेच्या आधारे चीनच्या महिला महासंघानं अशा मुलांचा आकडा सहा कोटींहून अधिक सांगितला होता. वसंतोत्सवाला, म्हणजे त्यांच्या नववर्षाला, चाळीस दिवस देशातल्या गाड्या भरभरून वाहतात. त्यातले कितीतरी प्रवासी वर्षातून एकदा आपल्याच मुलाची उंची मोजायला निघालेले असतात.

मग ही माणसं मुलांना सोबत का आणत नाहीत? शिक्षक म्हणून मला इथेच खरी मेख दिसते. चीनमध्ये नऊ वर्षांचं शिक्षण सक्तीचं आणि मोफत आहे. कायदा १९८६चा, आपल्या शिक्षणहक्क कायद्याच्या कितीतरी आधीचा. पण त्याचा खर्च स्थानिक सरकारांनी करायचा, आणि आपल्याकडे नोंद नसलेल्या मुलावर शहरानं खर्च का करावा, हा प्रश्न कायम. शेन्झेनमध्ये सरकारी शाळेत प्रवेशाला गुण मोजतात. हे गुण मुलाचे नसतात, आईबापांचे असतात. हुकोऊ कुठला, घर मालकीचं की भाड्याचं, वास्तव्याचा परवाना आहे का, सामाजिक विमा किती वर्षं भरला. सहा वर्षांच्या पोरीनं अजून एक अक्षर गिरवलेलं नसतं आणि तिचा निकाल लागलेला असतो. ज्यांचे गुण कमी पडतात ते खासगी शाळा शोधतात. तिथेही जमलं नाही तर गाव आहेच. शिवाय पुढे विद्यापीठाची प्रवेश परीक्षा, 'गाओकाओ', ही अनेक वर्षं हुकोऊच्या प्रांतातच द्यावी लागे. ग्वांगदोंगनं बाहेरच्या मुलांना २०१६ पासून अटींवर ती देऊ दिली. त्या अटीही पुन्हा आईबापांच्या कागदांच्याच.

भाड्याच्या घराचा कागद प्रवेशाला लागतो, त्यामुळे वस्ती पाडली की शाळाही जाते. बायशिझोऊ हे शेन्झेनमधलं सगळ्यात गजबजलेल्या शहरी गावांपैकी एक. जेमतेम अर्ध्या-पाऊण चौरस किलोमीटरमध्ये दीड लाखाच्या आसपास माणसं. २०१९ मध्ये ते रिकामं करणं सुरू झालं. घरमालक गावकऱ्यांना मोबदला मिळणार होता, काहींना तर डोळे फिरतील एवढा. भाडेकरूंना मिळाली घर सोडण्याची नोटीस. तिथल्या आईबापांना नव्या खोलीपेक्षा मोठी काळजी होती, सप्टेंबरमध्ये सुरू होणाऱ्या शाळेची. त्याच वर्षी शहरानं बाकीच्या अनेक शहरी गावांबाबत पाडापाडीऐवजी दुरुस्तीचं धोरण घेतलं, हेही खरं.

शेन्झेनचा एक फलक खूप प्रसिद्ध आहे: आलात म्हणजे शेन्झेनचेच झालात. मला हे वाक्य मनापासून आवडतं. दुसऱ्या कुठल्या शहरानं असं म्हटल्याचं मला आठवत नाही. आणि ते अगदीच पोकळ नाही. पदवीधर तरुणांना या शहरानं बीजिंग-शांघायपेक्षा सहज हुकोऊ दिला. बाहेरच्यांसाठी शाळाही पुष्कळ बांधल्या. पण २०२०च्या आकड्यांत शहराची साधारण एक तृतीयांश माणसंच कागदावर शेन्झेनची होती. त्याच जनगणनेतला आणखी एक आकडा बघा. पासष्टीच्या पुढची माणसं शंभरात जेमतेम तीन. एवढ्या मोठ्या शहरात म्हातारी माणसं गेली कुठे? बरीचशी मुळात आलीच नाहीत, आणि ज्यांचे हात थकले त्यातली पुष्कळ परत गेली.

आता कुणी म्हणेल, आपल्याकडे बरं आहे. हुकोऊ नाही, कुठल्याही भारतीयानं कुठेही राहावं. हे खरंच मोठं आहे, आणि मी ते कमी लेखत नाही. शिक्षणहक्क कायद्यामुळे जूनमध्ये असो की जानेवारीत, दाखला असो की नसो, मूल दारात आलं की त्याला वयानुसार वर्गात बसवावंच लागतं. माझ्या वर्गात अशी मुलं बसलेली आहेत. पण कायद्यानं दार उघडं असलं तरी आत खोली आहे का, बाक आहे का, त्याची भाषा येणारा शिक्षक आहे का, हे शहर विचारत नाही. शेन्झेन नळ, वीज, मेट्रो देतं आणि कागद मागतं. आमची शहरं कागद मागत नाहीत आणि फारसं काही देतही नाहीत. २०२०च्या मे महिन्यात मुंबई-नाशिक महामार्गावरून डोक्यावर बोचकी घेऊन चालत निघालेली माणसं आम्ही भिवंडीकरांनी डोळ्यांनी पाहिली. माग बंद पडले, हात रिकामे झाले, आणि तोंडांची जबाबदारी घ्यायला कुणी नव्हतं. तेव्हा कुठल्याही कुंपणाशिवाय शहरानं त्यांना बाहेर काढलंच की.

चीनची गोष्ट आता एका विचित्र वळणावर आली आहे. तोंडं फार झाली म्हणून ज्या देशानं पस्तीस वर्षं एकाच मुलाची सक्ती केली, तोच देश २०२१ पासून तीन मुलांना परवानगी देतो आहे. २०२२ मध्ये देशाची लोकसंख्या घटू लागली, आणि त्याच वर्षी शेन्झेनचीही किंचित घटली. कारखान्यांना पूर्वीसारख्या तरुण मुली मिळत नाहीत. मिळतील कशा? हात शेतात उगवत नाहीत. आधी तोंड जन्माला येतं, त्याला पंधरा-वीस वर्षं भरवावं लागतं, शाळेत घालावं लागतं, मांडीवर घ्यावं लागतं. हा खर्च शेन्झेननं गावातल्या आजी-आजोबांवर टाकला होता. भिवंडीनंही माझ्या दादीवरच टाकला होता.

मी दहा वर्षांची झाले तेव्हा अब्बांनी आम्हाला भिवंडीला आणलं. शाळेत नाव घालताना गावचा दाखला सापडत नव्हता. हेडमास्तरांनी वय विचारलं, अब्बांची मनीऑर्डरची चिठोरी माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, "पढ़ो." मी वाचलं. त्यांनी नाव लिहून घेतलं. तेवढ्या एका नोंदीवर मी आज या बाजूला, फळ्याजवळ उभी आहे. कुठलंही शहर मोठं झालं असं कुणी सांगितलं, की इमारतींच्या मजल्यांपेक्षा मला हेच विचारावंसं वाटतं: जी बाई तुमचा जिना झाडते, तिच्या मुलीचं नाव तुमच्या शाळेच्या हजेरीपटावर आहे का?